डोळे मिटले की नुसता अंधार, मग मी कमी स्वतंत्र का?

प्रश्न विचारणारे घणसोलीला राहतात आणि नोकरीला ठाण्यात आहेत. ज्याँ-पॉल सार्त्र या फ्रेंच तत्त्वज्ञावर काही वाचताना त्यांना एक विधान भेटलं: माणसाला कल्पना करता येते, कारण त्याची जाणीव मुळातच स्वतंत्र आहे. त्यावर त्यांचे दोन प्रश्न. पहिला: 'डोळे मिटल्यावर मला काहीही दिसत नाही. आंबा डोळ्यांपुढे आणा म्हटलं तर नुसता अंधार. बायकोला मात्र देठाजवळचा चीकसुद्धा दिसतो. मग मी तिच्यापेक्षा कमी स्वतंत्र का?' दुसरा: 'लोकलमध्ये जाता-येता रोज पाऊण तास मी नोकरी सोडून दापोलीजवळ होमस्टे चालवत असतो. आठ वर्षं झाली. हे स्वातंत्र्य असेल, तर राजीनामा अजून लिहून का झाला नाही?'

मी ठाण्यात एकतीस वर्षं बी.ए.च्या मुलांना तत्त्वज्ञान शिकवलं, त्यातली बरीच वर्षं सार्त्रही शिकवला. पहिल्यासारखे प्रश्न वर्गात पुष्कळ येतात. दुसऱ्यासारखा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, कारण तो विचारला की घरी जाऊन त्याचं काहीतरी करावं लागतं. तुम्ही तो विचारलात, म्हणून उत्तर जरा लांबवते.

आधी आपला शब्दच बघू. 'मला काही कल्पना नाही' म्हणजे माहीत नाही. 'सोसायटीला कल्पना देऊन ठेवा' म्हणजे आगाऊ सांगून ठेवा. 'कल्पना चांगली आहे' म्हणजे युक्ती चांगली आहे. 'कल्पनाच करवत नाही' हे तर आपण ज्याचं चित्र सहज काढता येईल त्याविषयीच म्हणतो. यातल्या एकाही वापरात डोळ्यांपुढे चित्र उभं राहण्याची अट नाही. शब्दाचा धातू आहे कॢप्, म्हणजे जुळवणं, रचणं. 'क्लृप्ती' त्याच घरातली. बौद्ध तार्किक दिङ्नागाने प्रत्यक्षाची व्याख्याच 'कल्पनापोढ', म्हणजे कल्पनेपासून सुटलेलं, अशी केली. तिथे कल्पना म्हणजे जे दिसलं त्याला नाव आणि जात चिकटवणं. समोरच्या पिवळ्या-हिरव्या गोळ्याला 'हापूस' म्हटलंत की दिङ्नागाच्या हिशोबाने तुमची कल्पना सुरू झाली, डोळे उघडे असताना! कल्पना म्हणजे मनातला फोटो, ही समजूत आपल्याकडे बरीच अलीकडची आहे, आणि माझा अंदाज असा की ती इंग्रजीतून तत्त्वज्ञान शिकताना आपण उचलली.

त्या समजुतीचा पश्चिमेतला सर्वांत सरळ वकील म्हणजे स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम. १७३९ साली त्याने मांडलं, की इंद्रियांतून आलेला ठसा ठसठशीत असतो आणि मनातली प्रतिमा म्हणजे त्याच ठशाची फिकट नक्कल. सोन्याचा डोंगर कुणी पाहिलेला नाही, पण सोनं पाहिलंय आणि डोंगर पाहिलाय, दोन्ही जोडले की झालं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे ह्यूमचं अख्खं मानसशास्त्र एका म्हणीत. (त्याने स्वतःच एक अपवाद दिला होता. निळ्याच्या सगळ्या छटा पाहिलेल्या माणसाला मधली एक न पाहिलेली छटा मनाने भरून काढता येईल. एवढं बोलून तो पुढे निघून गेला. परीक्षेत हा अपवाद मुलं हमखास विसरायची.)

ह्यूमचं बरोबर धरलं तर तुमचा पहिला प्रश्न रास्तच ठरतो. कल्पना म्हणजे मनाच्या भिंतीवरची चित्रं, तुमची भिंत कोरी, तेव्हा तुमच्याकडे कल्पना कमी आणि स्वातंत्र्यही कमी.

सार्त्रने भांडण काढलं ते नेमकं या भिंतीशी. १९३६ साली एक छोटं पुस्तक आणि १९४० साली एक मोठं, दोन्ही कल्पनेवर. त्याचं म्हणणं असं की मन ही खोली नाही, त्यामुळे तिच्यात चित्रं टांगलेली असण्याचा प्रश्नच येत नाही. रत्नागिरीच्या बहिणीची मला आठवण येते तेव्हा मी बहिणीकडे वळलेली असते, बहिणीच्या एखाद्या चित्राकडे नव्हे. प्रतिमा ही वस्तू नाही, ती वस्तूकडे वळण्याची एक तऱ्हा आहे. पाहणं ही एक तऱ्हा आणि कल्पिणं ही दुसरी. पहिली फिकी झाली म्हणून तिची दुसरी होत नाही.

पुराव्यादाखल तो आलँ या दुसऱ्या फ्रेंच विचारवंताची एक गंमत वापरतो. पॅरिसचं पँथिऑन ज्यांना मनात 'स्पष्ट दिसतं' त्यांना म्हणा, समोरचे खांब मोजा. मोजता येत नाहीत. मी वर्गात पँथिऑनच्या जागी गडकरी रंगायतन घ्यायची. ठाण्यातली मुलं, तलावपाळीवर रोजचं येणं-जाणं. 'दिसतंय का रंगायतन?' 'हो मॅडम, अगदी समोर.' 'मग दर्शनी पायऱ्या मोजा.' आधी शांतता, मग कुणी म्हणे आठ, कुणी बारा, आणि मागच्या बाकावरून हसणं. खरी इमारत समोर असती तर बोट दाखवून मोजल्या असत्या, चुकल्या तर परत मोजल्या असत्या. मनातल्या इमारतीत आपण जेवढं ठेवलं तेवढंच सापडतं. सार्त्र याला प्रतिमेचं दारिद्र्य म्हणतो. पाहिल्यासारखं वाटतं, पण त्यातून नवं काही हाती लागत नाही.

एका वर्षी एका मुलीने हात वर केला. म्हणाली, 'पण आमच्या घराच्या खिडक्या मला मोजता येतात.' आणि डोळे मिटून, मान थोडी वळवत, हॉल, स्वयंपाकघर, मोरी करत तिने बोटांवर मोजल्या. सात. मी सार्त्रची बाजू घेऊन म्हटलं, 'त्या तुला माहीतच होत्या.' ती म्हणाली, 'खिडक्या माहीत होत्या, सात हा आकडा नव्हता.' त्या दिवशी मी विषय बदलला. पुढे १९७१ सालचा शेपर्ड आणि मेट्झलर यांचा प्रयोग वाचला. दोन घनाकृती एकच आहेत का, हे ओळखायला माणसाला लागणारा वेळ त्यांच्यामधला कोन जितका मोठा तितका वाढत जातो, जणू मनात ती आकृती खरंच फिरवली जाते. तेव्हा त्या मुलीचं बरोबर होतं आणि सार्त्रने ताणलं होतं, असं माझं आजचं मत आहे. प्रतिमेतून काहीतरी शिकता येतं. ते थोडं असतं आणि आपल्याच गाठोड्यातलं असतं, पण शिकता येतं.

गाभा मात्र शाबूत राहतो. सार्त्र म्हणतो, कल्पिलेली वस्तू जाणिवेपुढे चारपैकी एका रूपात येते: ती मुळात नाहीच, किंवा सध्या इथे नाही, किंवा दुसरीकडे कुठेतरी आहे, किंवा ती आहे की नाही हा प्रश्नच बाजूला ठेवलेला आहे. चौथी नीट बघा. पहिल्या तिन्हींत 'इथे नाही' आहे, आणि चौथीत 'आहे' म्हणायचं आपण टाळलंय. म्हणजे कल्पना करणं हे आधी एक नकार देणं आहे, समोर जे आहे त्यापासून एक पाऊल मागे सरून 'हे नव्हे' म्हणणं. जी जाणीव समोरच्या वस्तूला डिंकासारखी चिकटलेली असेल, तिला हे पाऊल घेता येणार नाही. आपल्याला घेता येतं, त्या अर्थी आपण चिकटलेले नाही. सार्त्रच्या लेखी कल्पनेचं आणि स्वातंत्र्याचं नातं एवढंच आणि इतकं मूलभूत आहे. यात चित्राचा, रंगाचा, चिकाचा कुठे संबंध आला?

आता तुमच्या घराच्या दारापाशी येऊ. संध्याकाळी जिना चढून वर आलात, दाराबाहेरच्या चपलांच्या स्टँडवर नजर गेली, आणि कुलूप उघडण्याआधीच कळलं की बायको बाहेर गेली आहे. तिच्या चपला नाहीत. हे 'नाहीत' तुम्ही कसं पाहिलंत? स्टँडवर तुमचे बूट होते, मुलाचे सँडल होते, छत्री होती. डोळ्यांत शिरलं ते एवढंच. तिच्या चपलांचं चित्र आधी मनात काढून ते स्टँडशी ताडून पाहिलंत का? तुम्हाला तर चित्र काढताच येत नाही. तरीही न-असणं लख्ख दिसलं.

सार्त्रने १९४३ साली हेच एका कॅफेत दाखवलं. पिएर नावाच्या मित्राला भेटायचंय, तो वेळ पाळणारा, आणि तो दिसत नाही. आख्खा कॅफे, टेबलं, धूर, कपबशांचा आवाज, सगळं मागे सरतं आणि त्यावर पिएरचं नसणं उमटतं. आपल्या नैयायिकांनी आणि मीमांसकांनी, म्हणजे न्याय आणि मीमांसा या दर्शनांच्या पंडितांनी, याचा काथ्याकूट कितीतरी शतकं आधी करून ठेवला होता. 'इह भूतले घटो नास्ति', या जमिनीवर घडा नाही. जो नाही तो घडा म्हणजे या अभावाचा प्रतियोगी. मीमांसक कुमारिल भट्टाचे अनुयायी म्हणतात, हे ज्ञान प्रत्यक्ष नाही, अनुमानही नाही. त्यासाठी 'अनुपलब्धी', म्हणजे न आढळणं, नावाचं वेगळंच प्रमाण, ज्ञानाचं साधन, मानावं लागतं. आणि त्यावर एक अट घालतात, तिचं मला फार कौतुक आहे: ती योग्य अनुपलब्धी हवी. घडा असता तर दिसला असता, अशी स्थिती हवी. जिन्यातला दिवा गेलेला असेल तर चपला न दिसण्याला काही किंमत नाही.

फरक एका ठिकाणी पडतो, आणि तो मोठा आहे. नैयायिकाच्या मते अभाव जगातच आहे, पदार्थांच्या यादीत तो सातवा. सार्त्रच्या मते जग आपलं काठोकाठ भरलेलं असतं, त्यात 'नाही' ला जागा नसते. 'नाही' माणसाबरोबर येतं. तो म्हणतो, वेलिंग्टन हा जुना इंग्रज सेनापतीही या कॅफेत नाही, पण ते नुसतं म्हणण्यापुरतं. मी त्याची वाट पाहत नव्हतो, म्हणून त्याच्या नसण्याने कॅफे बदलत नाही. स्टँडवर पंतप्रधानांच्याही चपला नसतात. दिसतं ते बायकोच्या चपलांचं नसणं. या मुद्द्यावर मी सार्त्रच्या बाजूची आहे. माझे एक जुने सहकारी, न्यायाचे पक्के अभ्यासक, निवृत्त होईपर्यंत यावरून माझ्याशी भांडत राहिले.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. ज्याला 'नाही' दिसतं त्याच्याकडे सार्त्रला हवी ती ताकद पुरेपूर आहे. तुमच्या अवस्थेला २०१५ साली ॲडम झेमन या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'अफँटेशिया' हे नाव दिलं. त्याआधी २०१० साली त्यांनी एका गृहस्थांची नोंद केली होती. हृदयाच्या रक्तवाहिनीवर उपचार झाल्यानंतर त्यांची मनातली चित्रं अचानक बंद पडली, तरी आकृती मनात फिरवून ओळखण्याची चाचणी ते बरोबर सोडवत होते. रीत वेगळी, उत्तर तेच. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने तर १८८० सालीच लोकांना 'आज सकाळी न्याहारीला बसलात ते टेबल आठवा' असं विचारून काहींना काहीच दिसत नसल्याचं नोंदवलं होतं. पिक्सार या ॲनिमेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी एड कॅटमल यांनीही आपल्याला मनात चित्र दिसत नाही हे जाहीर सांगितलंय. आणि पुरावा तर तुमच्याच पत्रात आहे. चित्र दिसत नसताना आठ वर्षं दापोलीचा होमस्टे चालतोय तो कशावर? शब्दांवर चालत असणार, किंवा आकड्यांवर, पाहुण्यांशी मनातल्या मनात केलेल्या बोलण्यावर. योगसूत्रांत पतंजलीने याला चपखल नाव देऊन ठेवलंय, विकल्प: शब्दज्ञानामागोमाग येणारा आणि वस्तूने रिकामा.

बायकोच्या आंब्याचा हेवाही करू नका. चित्रं ठसठशीत असणं म्हणजे स्वातंत्र्य जास्त असणं, हे गणित उलटही फिरतं. मुलगा अकरापर्यंत घरी आला नाही तर ज्या आईला रस्त्यावरचा अपघात रंगांसकट दिसतो, तिला विचारा. मन चिंती ते वैरी न चिंती. खुद्द सार्त्रने १९३५ साली, कल्पनेवरच्याच अभ्यासासाठी, एका डॉक्टर मित्राकडून मेस्कॅलीन हे भास घडवणारं द्रव्य टोचून घेतलं होतं, आणि पुढे बराच काळ खेकड्यांसारखे प्राणी त्याच्या मागे येत असल्याचा भास त्याला होत राहिला. प्रतिमा जाणीव स्वतःच, आपखुशीने घडवते असं लिहिणाऱ्या माणसाच्या मागे खेकडे! पुस्तकात त्याने हे तिढ्याचं प्रकरण सोडवायचा प्रयत्न केलाय: जाणीव आपणच रचलेल्या जादूत स्वतःला अडकवून घेते, वगैरे. मला ते उत्तर पटत नाही. अडकल्यावर सुटता येत नसेल तर ती जादू कुणाची, याने काय फरक पडतो?

आता दुसरा प्रश्न. इथे मी पुस्तकातून थोडी बाहेर येते.

ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाजवळून तुम्ही गेला असाल. तो मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० साली बांधायला घेतला, १७३७ साली मराठ्यांनी जिंकला, १७७४ साली इंग्रजांकडे गेला. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे, बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या प्रकरणात, १८१५ साली इंग्रजांनी याच किल्ल्यात कोंडला. दगाफटका नको म्हणून पहारा सगळा गोऱ्या शिपायांचा ठेवला. इंग्रजांना ती खबरदारी वाटली आणि नेमकी तीच त्यांच्यावर उलटली. पुढे कलकत्त्याचा बिशप हेबर याने नोंदवून ठेवलेली हकीकत अशी, की एका अधिकाऱ्याचा मराठी मोतद्दार त्रिंबकजीच्या खिडकीखाली घोड्याची देखभाल करता करता गाणी म्हणायचा. गाण्यांतून निरोप जायचे: माणसं कुठे दबा धरून आहेत, घोडा कुठल्या झाडाखाली उभा आहे. शिपायांना मराठी येत नव्हतं. १८१६ च्या सप्टेंबरात त्रिंबकजी निसटला.

एकच सूर दोन कानांत जातोय. शिपायाच्या कानात ती मोतद्दाराची गुणगुण आहे. त्रिंबकजीच्या कानात तिथे नसलेला घोडा उभा राहतो, आणि तो उभा राहिल्याबरोबर कोठडीतल्या वस्तू बदलतात. भिंत आता नुसती भिंत राहत नाही, ती अडथळा होते. पावसाची रात्र नुसती रात्र राहत नाही, ती आडोसा होते. पहाऱ्याच्या बदलीची वेळ, दाराचा आवाज, प्रत्येक गोष्टीला एक बाजू येते, माझ्या कामाची किंवा माझ्या विरुद्धची. सार्त्र १९४३ च्या ग्रंथात कैद्याविषयी जे म्हणतो ते मी याच गोष्टीवरून शिकवायची. कैदी तुरुंगातून बाहेर पडायला सदैव मोकळा आहे असं म्हणणं हा मूर्खपणा. सुटकेची इच्छा धरायला मोकळा आहे, हे म्हणणं खरं पण पोकळ. कैदी सुटायचा प्रयत्न करायला सदैव मोकळा आहे, हे तिसरं वाक्य तेवढं स्वातंत्र्याविषयी आहे. लिहिणारा स्वतः १९४० साली जर्मनांच्या हाती सापडून युद्धकैदी झाला होता, तेव्हा हे खुर्चीत बसून केलेलं बोलणं नव्हे. (त्रिंबकजी १८१८ साली पुन्हा पकडला गेला आणि त्याची रवानगी चुनारच्या किल्ल्यात झाली. प्रयत्न करायला मोकळा याचा अर्थ यशाची हमी असा नाही.)

तुमच्या होमस्टेकडे आता या खिडकीतून बघा. आठ वर्षं तो चालतोय. तेवढ्यात तुमच्या खऱ्या आयुष्यातली एखादी वस्तू त्याच्यामुळे अडथळा किंवा हत्यार झाली का? घराचा हप्ता 'भिंत' वाटू लागला का? रजेचे साठलेले दिवस, मेहुण्याची ओळख, स्वयंपाकातला बायकोचा हात, यांना वेगळा रंग चढला का? की ऐरोली गेलं, रबाळे गेलं, घणसोली आलं, फोन खिशात टाकला आणि उतरलात? दुसरं असेल तर ते मनातले मांडे. त्यांची चव खरी असते, पोट तेवढं भरत नाही.

सार्त्रला दिवास्वप्नांचा राग आहे तो इथे. काल्पनिक जगात रमणारा माणूस केवळ जास्त सुंदर जगाच्या ओढीने तिकडे जात नाही, असं तो सांगतो. खऱ्या जगाचा अनपेक्षितपणा नको म्हणूनही जातो. काल्पनिक पाहुणा कधीही 'बाथरूममध्ये पाल आहे' म्हणून रात्री दोनला फोन करत नाही. तुम्ही पाल ठेवली नाही, म्हणून ती निघत नाही. हेच ते दारिद्र्य, पायऱ्या मोजता न येण्याचं.

पतंजली मात्र सार्त्रच्या बरोबर उलट टोकाला उभा आहे, आणि तुमच्यासारख्या माणसाने त्याचंही ऐकावं. विकल्प ही त्याच्या पाच चित्तवृत्तींपैकी एक. या वृत्ती थांबवणं म्हणजेच योग आणि त्या वाटेच्या शेवटी कैवल्य, म्हणजे सुटका. सार्त्रला जी गोष्ट स्वातंत्र्याचा पुरावा वाटते, ती पतंजलीला बेडीचा एक दुवा वाटते. वर्गात मी या दोघांना आमनेसामने उभं करायची आणि मुलांना एक बाजू घ्यायला लावायची. मुलं सहसा सार्त्रकडे जायची. दोन-तीन वर्षांनी नोकरीला लागून भेटायला आली की पतंजलीकडे सरकलेली असायची. माझं स्वतःचं विचाराल तर, दोघांनी पाहिलेली गोष्ट एकच आहे: मनाला समोरच्या वस्तूशी बांधून राहायची सक्ती नाही. या सुटेपणाचं पुढे काय करायचं, यावर त्यांचं जमत नाही.

सार्त्रने एक गोष्ट निसटती सांगितली आहे, ती मला नवी मुंबईत राहायला आलेल्या भाच्याकडे जाता-येता कळली. सार्त्र म्हणतो, जगाला नकार देताना जाणीव कुठल्यातरी ठिकाणी उभी राहून नकार देते. नकार सगळ्या जगाला असतो, पण एका जागेवरून. तुम्ही राहता ते शहरच बघा. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' या नियतकालिकात मांडणी केली, की मुंबई उत्तरेकडे शेपटीसारखी लांबवत नेण्यापेक्षा खाडीच्या पलीकडे नवं शहर उभारावं. त्या वेळी वाशीचा पूल नव्हता, तिकडे रेल्वे नव्हती. १७ मार्च १९७० रोजी हे शहर उभारण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. वाशीची रेल्वे १९९२ साली आली, तुमचा ठाणे-वाशी मार्ग २००४ साली. जे नव्हतं त्याच्याकडे बोट दाखवून तीन माणसांनी आहे ते बदलायला लावलं. कल्पनेच्या स्वातंत्र्याचं याहून ठळक उदाहरण मला तरी माहीत नाही.

पण ती कल्पना उभी होती मुंबईत, खाडीच्या अलीकडे. तिथून पलीकडे बघितलं की जागा मोकळी दिसते. पलीकडे ९५ गावं होती, आगरी-कोळ्यांची, भातखाचरं आणि मिठागरं असलेली. आगऱ्याच्या ओटीवर बसून पाहिलं तर तिथे 'नाही' असं काहीच नव्हतं, सगळं होतं. एकाने कल्पनेत पुसलं ते दुसऱ्याचं शेत होतं. १९८४ च्या जानेवारीत उरणजवळच्या जासई परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले आणि गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. आज नवी मुंबईत कुणीही 'साडेबारा टक्के' म्हणतं तेव्हा कशाचे साडेबारा हे सांगावं लागत नाही; संपादित जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड परत, ही कल्पना त्या लढ्यातली. ज्यांच्यासाठी नकाशा काढला नव्हता त्यांनी नकाशात आपली रेघ मारली.

सार्त्रचं एक लाडकं विधान आहे: हाल असह्य होतात म्हणून माणूस वेगळ्या स्थितीची कल्पना करतो असं नाही, वेगळी स्थिती कल्पिता आली की त्या दिवसापासून हाल असह्य होतात. अर्धं पटतं. जासईच्या माणसांना जमीन गेल्याचं दुःख कळायला कुठल्या कल्पनेची गरज नव्हती. साडेबारा टक्क्यांची मात्र होती. त्याशिवाय दुःख मागणी होत नाही.

तुमच्या बाबतीत मला शंका येते ती अशी, की होमस्टे ही तुमची मागणीच नसावी. रोजचा पाऊण तास सुसह्य करण्याचं ते साधन असेल, पावसात छत्री असते तसं. तसं असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि राजीनामा लिहायचंही कारण नाही. गर्दीत उभ्याने कुणी जप करतं, कुणी शब्दकोडं सोडवतं, तुम्ही खोल्या भाड्याने देता. आणि तसं नसेल, तर कळायला एक सोपी चाचणी आहे. उद्याच्या गाडीत त्या होमस्टेत तुम्ही आजवर न ठेवलेलं काहीतरी ठेवून बघा. मे महिना, शनिवार, सगळ्या खोल्या भरलेल्या, आणि विहिरीला पाणी नाही. टँकरवाला फोन उचलत नाही. तुमचं मन तिथून लगेच दुसऱ्या, पाणी असलेल्या महिन्यात गेलं, तर एक उत्तर मिळालं. ते तिथेच थांबून टाकीचा आकार, पंप, शेजाऱ्याची बोअर असा हिशोब करू लागलं, आणि घरी आल्यावर तो हिशोब कागदावर उतरला, तर दुसरं.

चित्र तुम्हाला दिसणार नाहीच, त्याची गरजही नाही. पण पुन्हा लिहाल तेव्हा त्या होमस्टेला खोल्या किती आहेत आणि मे महिन्यात पाणी कुठून येतं, एवढं कळवा.